रिबकेचे दहा उंट

बायका पाण्याला बाहेर पडतात त्या कातरवेळी, नाहोराच्या नगराबाहेरच्या विहिरीपाशी एक परका नोकर दहा उंट बसवून थांबला आहे. धनी अब्राहाम यानं त्याला कनान देशातून इतक्या लांब, आपल्या भाऊबंदांच्या मुलखात, मुलगा इसहाक याच्यासाठी मुलगी बघायला पाठवलं आहे. मुलगी ओळखायची खूण नोकरानंच मनाशी धरली आहे : जी आपल्याला पाणी देईल आणि उंटांनाही आपणहून पाजायला निघेल, तीच धन्याची सून. रिबका येते, खांद्यावरची घागर उतरवते, त्याला पाणी देते आणि उंटांचं पिणं पुरं होईपर्यंत विहिरीवर धावत राहते. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्याच पुस्तकातल्या चोविसाव्या अध्यायातली ही गोष्ट.

लांबची वाट तुडवून आलेला तहानलेला उंट एका वेळी शंभर लिटर पाणी पिऊ शकतो, तेही दहा-पंधरा मिनिटांत. नोकराचे उंट त्याच्या निम्मंच प्यायले असं धरलं, तरी दहा उंटांचं पाचशे लिटर होतं. घागर दहा-बारा लिटरची मानली, तर रिबकेच्या चाळीसहून जास्त खेपा झाल्या. पाण्याला आलेल्या पोरीनं अनोळखी पाहुण्यासाठी एवढं करावं, यातलं मोल ऐकणाऱ्याला कुणी समजावून सांगावं लागत नसणार. ज्यानं ही गोष्ट रचली त्याला उंटाची तहान माहीत होती, आणि ज्यांच्यासाठी रचली त्यांनाही.

अडचण इथेच आहे. परंपरेनं अब्राहामाचा काळ साधारण इ.स.पूर्व २००० ते १८०० असा धरला जातो. त्या काळी कनान देशात उंटांचे तांडे घेऊन कुणी फिरत होतं, याचा पुरावा मिळत नाही.

पुरावा मिळतो तो गाढवांचा, आणि भरभरून मिळतो. तुर्कस्तानातल्या कुल्तेपे इथे, म्हणजे जुन्या कानेश नगरात, असीरियन व्यापाऱ्यांच्या मातीच्या सुमारे २३ हजार पाट्या सापडल्या आहेत. त्यांतल्या बहुतेक इ.स.पूर्व १९व्या शतकाच्या आसपासच्या. अश्शूरहून कथील आणि कापड लादून शेकडो मैल चालत येणारी गाढवं त्यांत आहेत. गाढवांच्या किमती आहेत, वैरणीचा खर्च आहे, वाटेत दगावलेल्या जनावरांचा हिशेब आहे. उंटाच्या पाठीवरून आलेला माल नाही. त्याच शतकात इजिप्तमधल्या बेनी हसन इथे ख्नुमहोतेप नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात एक चित्र रंगवलं गेलं. पूर्वेकडून आलेल्या परक्या लोकांचा एक जथा त्यात आहे. सोबतच्या मजकुरात त्यांची संख्या ३७ दिली आहे. पुरुषांना टोकदार दाढ्या, अंगावर रंगीत पट्ट्यांचे कपडे, कुणाच्या हातात धनुष्य, एकजण तंतुवाद्य वाजवतो आहे. गाढवाच्या पाठीवरच्या बोचक्यात दोन लहान मुलं बसवली आहेत. अब्राहामाच्या कुटुंबासारखी माणसं त्या काळात कशी दिसत आणि कशी प्रवास करत, हे दाखवणारं यापेक्षा जवळचं चित्र उपलब्ध नाही. त्यात उंट नाही.

ही विसंगती जुनीच आहे. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ विल्यम अल्ब्राइट यांनी विसाव्या शतकाच्या मध्यालाच सांगितलं होतं की, अब्राहाम आणि त्याचा नातू याकोब यांच्या गोष्टींतले उंट काळाशी जुळत नाहीत. अल्ब्राइट काही बायबलचे टीकाकार नव्हते. या पूर्वजांच्या कथांमागे खरा इतिहास आहे असं मानणाऱ्यांत ते आघाडीवर होते. तरीही उंटांच्या बाबतीत त्यांनी पुराव्याची बाजू घेतली. मात्र ‘नाही’ म्हणणं आणि ‘मग कधी?’ याचं उत्तर देणं यांत बरंच अंतर असतं. ते उत्तर मिळालं तांब्याच्या भट्ट्यांशेजारच्या उकिरड्यांत.

मृत समुद्रापासून दक्षिणेला अकाबाच्या आखातापर्यंत अरबा नावाचं रखरखीत खोरं पसरलं आहे. त्याच्या पूर्व अंगाला जॉर्डनमध्ये फैनान आणि पश्चिम अंगाला इस्रायलमध्ये तिम्ना, ही दोन्ही प्राचीन तांब्याची ठिकाणं. खनिज फोडायचं, कोळशाच्या भट्टीत वितळवायचं, तांबं वेगळं करायचं आणि काळी मळी बाजूला फेकायची. त्या मळीचे ढीग आजही तिथे दिसतात. अशा ठिकाणी दाणा, सरपण आणि कामगारांचं अन्न बाहेरून आणावं लागे, आणि तयार तांबं वाळवंट ओलांडून बाजारापर्यंत पोचवावं लागे. म्हणजे भारवाहू जनावराशिवाय तिथे एक दिवसही निभणार नाही. माणसं जेवायची, जनावरं मरायची आणि हाडं कचऱ्यात पडायची. कोरड्या हवेमुळे ती टिकली.

तेल अवीव विद्यापीठातल्या लिदार सापिर-हेन आणि एरेझ बेन-योसेफ यांनी हीच हाडं थराथरानं तपासली आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. थरांचं वय कार्बन-१४ पद्धतीनं ठरवलेलं होतं. इजिप्तच्या अमलाखाली तिम्नाच्या खाणी चालत होत्या त्या काळातल्या आणि त्यानंतरच्याही काही पिढ्यांच्या थरांत भारवाहू जनावर म्हणून गाढवंच दिसतात. मग इ.स.पूर्व दहाव्या शतकाच्या शेवटच्या तिसऱ्या भागात, म्हणजे साधारण ९३० नंतर, चित्र एकदम पालटतं. उंटांची हाडं मोठ्या संख्येनं येऊ लागतात. त्यांतल्या पायांच्या हाडांवर जड ओझं वाहिल्याच्या खुणा आहेत. रानात चरणाऱ्या उंटाच्या पायावर अशा खुणा उमटत नाहीत.

या बदलाचा वेग थक्क करणारा आहे. थोडे उंट, मग जरा जास्त, मग आणखी, असा तो क्रम नाही. काही दशकांच्या आत अरबा खोऱ्यातल्या वाहतुकीत उंट आला आणि स्थिरावला. त्याच सुमारास तांबं गाळण्याची पद्धतही बदलली, काही जुनी ठिकाणं बंद पडली, उरलेल्या ठिकाणचं काम एकसारख्या पद्धतीनं चालू लागलं. याच काळात, इ.स.पूर्व ९२५ च्या आसपास, इजिप्तचा फारो शेशोंक पहिला यानं या प्रदेशावर स्वारी केली होती. जिंकलेल्या गावांची यादी त्यानं कर्नाकच्या देवळाच्या भिंतीवर कोरून ठेवली, आणि बायबलमध्येही तो शिशक या नावानं येतो. खाणींची घडी नव्यानं बसवण्यामागे आणि त्यासाठी उंट आणण्यामागे त्याची स्वारी असावी, असं या संशोधकांना वाटतं. स्वारीचा संबंध हा तर्क आहे. उंटांची तारीख मात्र हाडांनीच दिली आहे.

हे निष्कर्ष २०१४ च्या सुरुवातीला जगभर गाजले. बायबल खोटं ठरलं, असा त्यांचा अर्थ काहींनी लावला. काहींनी उलट संशोधकांवरच आगपाखड केली. दोन्ही प्रतिक्रिया उतावीळ होत्या. शास्त्रीय पुरातत्त्वात एखादी वस्तू सापडली नाही म्हणजे ती नव्हतीच, असं म्हणताना सावध राहावं लागतं, आणि उंटाच्या बाजूनं बोलणारे काही पुरावे खरोखरच आहेत. बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात सीरियन धाटणीची एक छोटी दंडगोल मुद्रा आहे, इ.स.पूर्व अठराव्या शतकाच्या आसपासची. तिच्यावर उंटावर समोरासमोर बसलेलं देव-देवीचं जोडपं कोरलं आहे. इजिप्तमधल्या फायूम इथे उंटाच्या केसांच्या दोरीचा तुकडा मिळाला आहे, तो तर पिरॅमिडांच्या काळातला. म्हणजे उंट हा प्राणी या लोकांना ठाऊक होता.

पण मुद्रेवरचा उंट नीट पाहायला हवा. त्याला दोन मदारी आहेत. दोन मदारींचा उंट हा मध्य आशियातला थंड प्रदेशाचा प्राणी, आणि त्याची कहाणी वेगळी आहे. इराणच्या सीस्तान भागातल्या शहर-ए-सोख्ता या प्राचीन नगरात इ.स.पूर्व २६०० च्या आसपासच्या थरांत उंटाची हाडं मिळाली, एका मडक्यात उंटाच्या लेंड्या साठवलेल्या मिळाल्या, आणि उंटाच्या केसांचं कापडही मिळालं. लेंड्या भरून ठेवल्या म्हणजे त्या जळणासाठी, आणि जळणासाठी रोज लेंड्या मिळतात त्या घरच्या जनावराच्या. तुर्कमेनिस्तानातल्या आल्तिन-देपे इथे मातीच्या खेळण्यातल्या गाड्या सापडल्या, त्यांना उंटाची मुंडकी जोडलेली आहेत. थोडक्यात, दोन मदारींचा उंट एक मदारीच्या उंटापेक्षा हजाराहून जास्त वर्षं आधी माणसाळला होता, आणि त्यांतले मोजके उंट नवलाईची चीज म्हणून पश्चिमेला पोचत असावेत. असीरियाचा राजा अशुर-बेल-कला यानं इ.स.पूर्व अकराव्या शतकात व्यापारी पाठवून असे उंट आणवले आणि त्यांची पैदास केली, असं त्याच्या शिलालेखात अभिमानानं नोंदवलं आहे. राजानं कोरून ठेवावं इतकी ती गोष्ट अपूर्वाईची होती.

उत्पत्तीच्या पुस्तकातले उंट असे अपूर्वाईचे नाहीत. ते रोजच्या व्यवहारातले आहेत. याकोब रुसलेल्या भावाला, एसावाला, भेट पाठवतो तेव्हा त्यात तीस दुभत्या उंटिणी आणि त्यांची पिल्लं असतात. याकोबाची बायको राहेल बापाच्या घरातले कुलदेव पळवते, उंटाच्या खोगिरात लपवते आणि त्यावर बसून राहते. याकोबाचा मुलगा योसेफ याला त्याचे भाऊ विकतात ते गिलादाहून डिंक, मलम आणि गंधरस घेऊन इजिप्तला निघालेल्या इश्माएली व्यापाऱ्यांना. त्यांचाही माल उंटांवर. वाळवंटातून सुगंधी माल घेऊन जाणारे अरबांचे असे तांडे इ.स.पूर्व आठव्या-सातव्या शतकात नेहमीचे झाले होते. इस्राएल फिंकेलस्टाइन आणि नील सिल्बरमन यांनी २००१ मध्ये नेमकं हेच दाखवून दिलं. याच पुस्तकात अब्राहाम आणि इसहाक पलिष्टी राजाशी करार करतात, आणि पलिष्टी लोक तर त्या किनाऱ्यावर इ.स.पूर्व बाराव्या शतकात आले. सगळ्या खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात : कथा जुन्या असतील, पण आज आहेत त्या रूपात त्या बांधल्या गेल्या पहिल्या सहस्रकात. सांगणाऱ्यांनी पूर्वजांना आपल्या भोवतालचं जग देऊन टाकलं. यात लबाडी नाही. ज्या काळात श्रीमंत गृहस्थाच्या दारी उंट असणारच, त्या काळातला कथेकरी अब्राहामाच्या दारी गाढवं कशी बांधेल?

मग एक मदारीचा उंट माणसाळला कुठे? याचं उत्तर अरबस्तानात आहे, आणि ते गोळा व्हायला सहा दशकं लागली.

डॅनिश पुरातत्त्वज्ञांनी १९५९ मध्ये अबुधाबीजवळच्या उम्म अन-नार या छोट्या बेटावर उत्खनन सुरू केलं. इ.स.पूर्व तिसऱ्या सहस्रकातल्या गोल दगडी थडग्यांवर उंटाची आकृती कोरलेली निघाली आणि वस्तीत उंटाची हाडंही मिळाली. बेटावर उंट पोहत आला नसणार, मग तो पाळलेला असेल, असा अंदाज सुरुवातीला बांधला गेला. पुढे हाडांची मोजमापं झाली तेव्हा ती रानटी उंटाची निघाली. शिकार करून मांस बेटावर आणलं जात होतं. अमिरातींमधल्या तेल अब्राक या वस्तीनं हा उलगडा पक्का केला. तिथे माणसं जवळजवळ दोन हजार वर्षं सलग राहिली, त्यामुळे एकाच जागी हाडांचा लांबलचक क्रम हाती आला. मार्गारेटे आणि हान्स-पेटर युर्पमान या जर्मन दांपत्यानं तो मांडला : आधी मोठ्या चणीच्या रानटी उंटांची हाडं, मग ती कमी कमी होत जातात, आणि इ.स.पूर्व १००० च्या सुमाराला लहान चणीचे उंट एकदम भरपूर दिसू लागतात. माणसाळलेलं जनावर रानटी पूर्वजापेक्षा चणीनं लहान होतं, हा गुराढोरांपासून डुकरांपर्यंत सगळीकडे आढळलेला नियम. उंटानंही तो पाळला.

शेवटचा दुवा डीएनएनं जोडला. फैसल अल्मथेन, पामेला बर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हजाराहून जास्त जिवंत उंटांचे नमुने आणि पुरातन हाडांतला डीएनए एकमेकांशी ताडून पाहिला. आजच्या उंटांचे पूर्वज अरबस्तानच्या आग्नेय किनाऱ्यावरचे रानटी उंट होते, असं त्यातून निघालं. माणसाळल्यानंतरही पाळीव कळपांत रानटी उंटांचं रक्त मिसळत राहिलं होतं. आणखी एक गोष्ट दिसली. बहुतेक पाळीव जनावरांच्या प्रदेशाप्रदेशानुसार ओळखू येणाऱ्या वंशरेषा असतात. उंटांत त्या फारशा नाहीत, पूर्व आफ्रिकेतले उंट तेवढे थोडे वेगळे. शतकानुशतकं तांड्यांबरोबर हजारो मैल चालत गेलेल्या जनावराच्या रक्तात गाव उरत नाही.

माणसाची आणि उंटाची ओळख मात्र याहून कितीतरी जुनी. सौदी अरबस्तानच्या अल-जौफ प्रांतात वालुकाश्माच्या सुळक्यांवर खऱ्या आकाराचे उंट उठावात कोरलेले आहेत. त्यांची बातमी २०१८ मध्ये आली तेव्हा ते नबातियन लोकांनी कोरलेले, दोन हजार वर्षांपूर्वीचे असावेत असं वाटलं. मारिया ग्वान्यिन यांच्या चमूनं हत्यारांच्या खुणा, दगडाची झीज आणि तिथली हाडं तपासून २०२१ मध्ये जाहीर केलं की, ते सात-आठ हजार वर्षांपूर्वीचे आहेत. लोखंडच काय, तांबंही हाती नसलेल्या माणसांनी दगडाच्या हत्यारांनी ही शिल्पं कोरली. त्यांतले काही उंट अंगानं भरलेले, मानेखाली फुगलेले आहेत. माजावर आलेल्या हिवाळ्यातल्या नराचं हे रूप कोरणाऱ्यानं बारकाईनं पाहिलेलं होतं. ही शिकाऱ्याची नजर. पाळणाऱ्याची नजर यायला आणखी चार हजार वर्षं जायची होती.

इतका उशीर का लागला? शेळ्या-मेंढ्या दहा हजार वर्षांपूर्वी माणसाच्या अंगणात आल्या, गाढव सात हजार वर्षांपूर्वी, घोडाही चार हजार वर्षांपूर्वी. उंट या रांगेत जवळजवळ शेवटचा. एक कारण उंटाच्या शरीरातच आहे. उंटीण तेरा महिने गाभण राहते, एका वेळी एकच पिल्लू देते आणि पुढचं पिल्लू सहसा दोन वर्षांनी. पिल्लू ओझ्याला तयार व्हायला पाच-सहा वर्षं. पिल्लू जवळ असल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही. ज्याच्याकडे आधीच शेळ्या आणि गाढवं आहेत, त्यानं इतका धीर कशासाठी धरावा? दुसरं कारण गरजेचं. उंटाचं खरं मोल तिथे कळतं जिथे गाढव हरतं, आणि तशा वाटांनी जायची निकड माणसाला फार उशिरा पडली. तांबं वाळवंटातून न्यायचं होतं, दक्षिण अरबस्तानातला ऊद भूमध्य समुद्रापर्यंत पोचवायचा होता, तेव्हा कुठे उंटाची पाळी आली.

आणि त्या कामासाठी उंटासारखा प्राणी नाही. मदारीत पाणी साठवलेलं असतं ही समजूत चुकीची. तिथे चरबी असते, दुष्काळातली शिदोरी. पाण्याची काटकसर शरीराच्या इतर भागांत चालते. नॉर्वेजियन वंशाचे शरीरशास्त्रज्ञ क्नुट श्मिट-नील्सन यांनी १९५० च्या दशकात सहारातल्या बेनी अब्बेस इथे तळ ठोकून हे मोजलं. तहानलेल्या उंटाच्या शरीराचं तापमान पहाटे ३४ अंशांपर्यंत उतरतं आणि दुपारी ४० अंशांच्या वर चढतं. तेवढी उष्णता घामावाटे बाहेर टाकायची नाही, शरीरातच साठवायची आणि रात्रीच्या गारव्यात सोडायची, ही त्याची युक्ती. वजनाच्या चौथाई एवढं पाणी गमावूनही तो चालत राहतो. माणूस त्याच्या निम्म्या तुटीतच मरतो. मग पाणी भेटलं की तो ते एकदम पितो, आणि त्याच्या अंडाकृती तांबड्या रक्तपेशी न फुटता फुगतात.

आसपासच्या राजांना ही ताकद लवकरच दिसली. इ.स.पूर्व ८५३ मध्ये सीरियातल्या कर्कर इथे असीरियाचा राजा शलमनेसर तिसरा याच्याविरुद्ध राजांची आघाडी उभी राहिली. तिच्यात इस्राएलचा राजा अहाब होता, आणि गिंदिबू नावाचा अरब सरदार एक हजार उंट घेऊन आला होता. शलमनेसरच्या शिलालेखातली ही नोंद म्हणजे इतिहासातला अरबांचा पहिला उल्लेख, आणि तो उंटांसकटच आहे. शंभरेक वर्षांनी तिग्लथपिलेसर तिसरा याने अरबांची राणी सम्सी हिला हरवून तीस हजार उंट नेल्याचं लिहून ठेवलं. आकडा फुगवलेला असेल. पण मोठेपणा मिरवायला आता उंट मोजले जाऊ लागले होते.

एसरहद्दोन राजा इ.स.पूर्व ६७१ मध्ये इजिप्त जिंकायला निघाला. वाट सिनाईच्या वाळवंटातून. त्यानं सगळ्या अरब राजांचे उंट गोळा केले आणि त्यांच्यावर पाण्याच्या पखाली लादल्या. वाटेत दोन डोक्यांचे साप भेटले असंही त्याच्या शिलालेखात आहे. सैन्य किती हादरलेलं असेल ते त्यावरून कळतं. तरी सैन्य पार गेलं आणि मेम्फिस पडलं. अरबी उंटांशिवाय ती स्वारी झाली नसती.

त्याचा मुलगा अशुरबनिपाल यानं पुढे अरबांवरच हत्यार उगारलं. निनवेच्या राजवाड्यातल्या भिंतीवर ती लढाई कोरलेली होती. आज ते दगड लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. एका उंटावर दोन अरब बसले आहेत. पुढचा उंटाला हाकतो आहे, मागचा पळता पळता वळून पाठलाग करणाऱ्या असीरियन स्वारांवर बाण सोडतो आहे. दोघांनाही धड बैठक नाही. एका दगडी तुकड्यात उंटच खाली कोसळलेला दिसतो. लूट इतकी आली की उंट बाजारात एका शेकेल चांदीहूनही स्वस्त झाले. कलालिणीला दारूच्या मोबदल्यात आणि माळ्याला भाजीच्या जुडीबद्दल उंट मिळाले, असं राजा सांगतो.

त्या स्वारांची डळमळीत बैठक हीच पुढच्या इतिहासाची किल्ली आहे, असं अमेरिकन इतिहासकार रिचर्ड बुलिएट यांनी १९७५ मध्ये मांडलं. सुरुवातीचं खोगीर मदारीच्या मागे, उंटाच्या पुठ्ठ्यावर बांधलं जाई. तिथून उंट हाकता येतो, लढता येत नाही. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या काही शतकांत उत्तर अरबस्तानात नवं खोगीर आलं : मदारीच्या पुढे एक आणि मागे एक अशा दोन लाकडी कमानी, दांड्यांनी जोडलेल्या. स्वार आता मदारीच्या वर, उंच आणि पक्का बसला. त्याच्या हाती तलवार आणि भाला आला. वाळवंटातल्या टोळ्या आजवर वाटाड्ये आणि हमाल होत्या. त्या आता वाटांच्या मालक झाल्या. नबातियन लोकांचं पेट्रा हे नगर त्याच बळावर उभं राहिलं. येमेनमधल्या कतबान राज्याच्या राजधानीपासून गाझापर्यंत उंटांचे ६५ मुक्काम होते आणि वाटेतली पट्टी, पाणी, चारा धरून एका उंटामागे ६८८ दिनारी खर्च येई, असा हिशेब रोमन लेखक प्लिनी देतो. पुढे सम्राट डायोक्लेशियन यानं ३०१ साली दरांचा जाहीरनामा काढला. त्यात बाराशे पौंड मालाच्या गाडीला मैलामागे २० दिनारी आणि सहाशे पौंड ओझ्याच्या उंटाला ८ दिनारी भाडं आहे. म्हणजे तोच माल दोन उंटांवर १६ दिनारींत जाई, आणि उंटाला रस्ताही बांधावा लागत नसे. ज्या पश्चिम आशियात चाक पाच हजार वर्षांपूर्वी फिरू लागलं, तिथूनच ते पुढची कित्येक शतकं जवळजवळ हद्दपार झालं. उंटानं चाकाला हरवलं.

उंटाच्या पाठीवरच्या या बळाचा घाव मराठ्यांनीही सोसला आहे. पानिपतावर १७६१ मध्ये अब्दालीनं जंबुरके आणले होते, म्हणजे उंटावर बसवलेल्या, फिरवता येणाऱ्या छोट्या तोफा. मराठ्यांच्या अवजड तोफा जागच्या हलत नव्हत्या, आणि जंबुरके हवे तिथे धावत होते. मराठ्यांच्या दौलतीतही उंट होतेच. पत्रं आणि निरोप घेऊन सांडणीस्वार सुटत, ते याच जनावराच्या दमावर.

बायबलची पुढची पुस्तकं वाचताना उंट सतत भेटत राहतो. गिदोनाच्या गोष्टीत मिद्यानी लोक वाळूइतके असंख्य उंट घेऊन पिकांवर तुटून पडतात, आणि त्यांच्या उंटांच्या गळ्यांत चंद्रकोरीचे दागिने असतात. शबाची राणी शलमोनाला भेटायला येते तेव्हा सुगंधी द्रव्यं आणि सोनं उंटांवर लादून आणते. बाबेलच्या बंदिवासातून यहुदी लोक परतले तेव्हा त्यांच्याबरोबर ४३५ उंट होते, अशी मोजदाद एज्रा पुस्तकात आहे. उंट खायला मात्र मनाई : तो रवंथ करतो, पण त्याचे खूर दुभंगलेले नाहीत, असा लेवीय नियम. येशूच्या काळापर्यंत तर उंट म्हणीत जाऊन बसला. श्रीमंतानं देवाच्या राज्यात शिरण्यापेक्षा उंटानं सुईच्या नाकातून जाणं सोपं, हे त्याचं वचन सगळ्यांना माहीत आहे. जेरुसलेमच्या तटाला ‘सुईचं नाक’ नावाचा एक बुटका दिंडीदरवाजा होता आणि उंट त्यातून ओझं उतरवून, गुडघे टेकून जाई, असं पुष्कळ प्रवचनांत सांगतात. अशा दरवाजाचा कसलाही पुरावा नाही, आणि त्याची गरजही नाही. बाबेलच्या यहुदी पंडितांच्या ताल्मूदमध्ये सुईच्या नाकातून हत्ती जातो. ज्या मुलखात जे सगळ्यात मोठं जनावर, ते म्हणीत आलं. पॅलेस्टाइनमध्ये ते उंट होतं. नऊशे-हजार वर्षांपूर्वी तिथे नवखा असलेला प्राणी आता मोठेपणाचं माप झाला होता.

याच सुमारास रानटी एक मदारीचा उंट पृथ्वीवरून नाहीसा झाला. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी शेवटचे कळप संपले असावेत. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात आज लाखो उंट मोकळे फिरतात, पण ते एकोणिसाव्या शतकात कराचीसारख्या बंदरांतून जहाजांनी नेलेल्या पाळीव उंटांचे वंशज. दोन मदारींचा रानटी उंट गोबी आणि लोप नूरच्या वाळवंटांत उरला आहे, हजाराच्या आतबाहेर. आणि तो पाळीव दोन मदारींच्या उंटाचा पूर्वज नसून फार पूर्वीच वेगळी झालेली जात आहे, असं जनुकशास्त्र सांगतं.

पाळीव उंटाचीही स्थिती भारतात बरी नाही. इथे २०१२ च्या पशुगणनेत सुमारे चार लाख उंट होते. २०१९ मध्ये ते अडीच लाखांवर आले. राजस्थाननं उंटाला राज्यपशूचा मान दिला आणि २०१५ मध्ये कायदा करून कत्तलीला बंदी आणि राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध घातले. हेतू चांगला होता, पण गिऱ्हाईक तुटलं आणि नर पिल्लांना भाव उरला नाही, असं पिढ्यान्‌पिढ्या उंट राखणारे रायका लोक सांगत आले आहेत. त्यांचं म्हणणं ऐकायला हवं. उंट माणसाच्या घरी आला तोच मुळी कामासाठी. ट्रक आणि ट्रॅक्टरनं ओझ्याचं काम काढून घेतलं. आता त्याला दुसरं काम हवं, आणि ते दुधाचं असू शकतं. उंटिणीच्या दुधाला भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मानकं मिळाली आहेत, आणि कच्छच्या मालधारी पशुपालकांकडून घेतलेलं दूध अमूलनं २०१९ मध्ये बाटलीत भरून बाजारात आणलं. चव किंचित खारट असते, पण सवय होते. आपल्या गावच्या दुकानात ते दिसलं, तर वाचकांनी एक बाटली जरूर घ्यावी.